डेबियन १२ वर बाइंडचं पॅकेज सदोष आहे का? नेम्ड उभाच राहत नाहीये

संगणक_कक्ष · रविवार, १९ मे, सकाळी ७:४०

मंडळी, काल रात्रीपासून अडकले आहे, मदत हवी आहे.

आमच्या संगणक कक्षाचा नेम सर्व्हर (यंत्राच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता सांगणारा) मी सांभाळते. आतल्या सगळ्या यंत्रांची नावं एका झोनमध्ये, म्हणजे नावांच्या एका नोंदवहीत, आहेत. एक प्रायमरी (मूळ नोंदी इथे), एक सेकंडरी (त्यांची प्रत घेऊन उत्तरं देणारा), दोन्हीवर बाइंड हे नेम सर्व्हरचं सॉफ्टवेअर; त्याच्या सेवेचं नाव नेम्ड. प्रायमरी डेबियन ११ (लिनक्सचं एक वितरण) वर होता. त्याची आभासी प्रत काढून तिच्यावर डेबियन १२ चढवायचं काम मी ९ मेच्या रात्री केलं आणि प्रत चालू स्थितीतच थांबवून ठेवली. सवडीने तपासायची आणि मग अदलाबदल करायची असं ठरवलं होतं. ती सवड मिळालीच नाही. काल संध्याकाळी आठच्या सुमारास जुन्या यंत्राची डिस्क गेली. रात्री अकराला नवी प्रत जागी केली, जुना आयपी तिला दिला, आणि नेम्ड काही उभा राहीना.

पॅकेज काढून परत टाकलं, तीन वेळा. फरक शून्य. मला पॅकेजच सदोष वाटतंय, कारण एपीटी (पॅकेज आणणारा प्रोग्राम) अपडेटही धड होत नाही. 'रिलीज फाइल अजून वैध नाही' असा संदेश येतो. म्हणजे रिपॉझिटरीतच (पॅकेजांच्या कोठारातच) काहीतरी बिघडलं असणार. लॉगचा शेवट असा आहे (सिस्टिमडी म्हणजे सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम):

मे १० ०६:४९:१२ सिस्टिमडी: नेम्ड.सर्व्हिस: स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली.
मे १० ०६:४९:१२ सिस्टिमडी: नेम्ड.सर्व्हिस: फेल्ड विथ रिझल्ट 'एक्झिट-कोड'.

सेकंडरी अजून उत्तरं देतोय, म्हणून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. पण आमच्या एसओएमध्ये (झोनच्या मुख्य नोंदीत) एक्स्पायर १७२८०० सेकंद आहे, म्हणजे प्रायमरीशी संपर्क तुटल्यापासून ४८ तास. उद्या संध्याकाळी आठला सेकंडरीही हा झोन द्यायचं बंद करेल. त्याच्या आत हे उभं करायचं आहे.

पोर्ट_५३ · सकाळी ८:०५

आधी एवढं बघा की ५३ नंबरचं (नेम सर्व्हरचं) पोर्ट दुसऱ्या कुणी अडवलंय का. 'एसएस -एलएनटीयूपी' चालवा आणि ५३ असलेल्या ओळी बघा. सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड (नावं शोधणारी सिस्टिमडीची सेवा) १२७.०.०.५३ वर बसतो. बाइंड एकेका पत्त्यावर वेगवेगळा बसत असल्याने त्याचं रिझॉल्व्ह्डशी सहसा भांडण होत नाही. डीएनएसमास्क हा छोटा नेम सर्व्हर मात्र सगळे पत्ते एकदम धरतो. तो कुठल्या तरी पॅकेजबरोबर आत आला असेल तर बाइंडला जागाच उरत नाही.

संगणक_कक्ष · सकाळी ८:१२

बघितलं. ५३ वर कुणीच नाही, टीसीपी नाही आणि यूडीपीही नाही.

जुनी_खुंटी · सकाळी ८:३१

तुम्ही दिलेल्या दोन्ही ओळी सिस्टिमडीच्या आहेत, नेम्डचं म्हणणं त्यात कुठेच नाही. नेम्ड पडला की सिस्टिमडी त्याला पुन्हा उठवतो. तो पुन्हा पडतो. थोड्या वेळात पाचेकदा असं झालं की सिस्टिमडी नाद सोडतो आणि 'रिपीटेड टू क्विकली' लिहितो. कारण आपल्याला त्या साखळीतल्या पहिल्या पडण्याच्या वेळी सापडेल. 'जर्नलसीटीएल -यू नेम्ड' उघडा, वर सरकत जा आणि नेम्डने स्वतः लिहिलेली पहिली तक्रार शोधा. त्याहून सोपं म्हणजे नुसतं 'नेम्ड-चेककॉन्फ' चालवा. सेवा सुरू न करता ते सेटिंगच्या फाइली वाचतं आणि अडलेल्या ओळीचा क्रमांक सांगतं.

पुन्हा-पुन्हा इन्स्टॉल करणं मात्र आता थांबवा, कळकळीने सांगतो. डेबियनमध्ये पॅकेज काढून परत टाकलं तरी /ईटीसी खालच्या तुम्ही बदललेल्या सेटिंगच्या फाइली जशाच्या तशा राहतात. त्या तुमच्या मालकीच्या समजल्या जातात, पॅकेज त्यांना हात लावत नाही. म्हणजे तुम्ही तीनदा जे बदललंत ते चांगलंच होतं, आणि जे बिघडलंय ते तिन्ही वेळा जागच्या जागी राहिलं. यावर कुणी पर्ज करायला सांगेल. ते तर मुळीच करू नका, पर्जमध्ये त्या फाइलीही जातात. आत्ता, पुढचं काही करायच्या आधी, /ईटीसी/बाइंड आणि झोनच्या फोल्डरची प्रत दुसऱ्या यंत्रावर काढून ठेवा.

९ मेला श्रेणीवाढ करताना डीपीकेजीने (पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामने) काही फाइलींबद्दल विचारलं होतं का? 'तुमची ठेवू की नवीन टाकू' असं? काय उत्तर दिलंत ते आठवतं का?

संगणक_कक्ष · सकाळी ८:५८

प्रत काढली. चेककॉन्फने एका ओळीत सांगितलं: नेम्ड.कॉन्फ.ऑप्शन्स:१७: अननोन ऑप्शन 'डीएनएससेक-एनेबल'.

हो, दोनतीनदा विचारलं होतं. बाइंडच्या फाइलींना मी 'माझीच ठेव' म्हटलं, कारण त्या मी हाताने लिहिल्या आहेत. आणखी एका फाइलीबद्दल विचारलं तेव्हा नाव ओळखीचं वाटलं नाही, म्हणून 'नवीन टाक' म्हटलं. कुठली ती आठवत नाही.

पण ही सतरावी ओळ चार वर्षं आहे तिथे! जुन्या यंत्रावर तिने कधी त्रास दिला नाही.

जुनी_खुंटी · सकाळी ९:२०

त्रास दिला नाही, पण सूचना दिली होती. डेबियन ११ मध्ये बाइंड ९.१६ आहे. ही ओळ दिसली की तो लॉगमध्ये लिहितो की हा पर्याय कालबाह्य आहे, काढून टाका, आणि पुढे चालू लागतो. डेबियन १२ मध्ये ९.१८ आलं. त्यात असे निकामी झालेले वीसेक पर्याय पार्सरमधूनच (सेटिंग वाचणाऱ्या भागातूनच) काढून टाकले. डीएनएससेक-एनेबल, डीएनएससेक-लुकअसाइड, ॲडिशनल-फ्रॉम-कॅश, फिल्टर-एएएए वगैरे. आता यातला एक जरी सापडला तरी ती सेटिंगची चूक धरली जाते आणि नेम्ड सुरूच होत नाही.

ती ओळ नुसती काढा. तिच्या जागी काही घालायची गरज नाही. डीएनएससेक-व्हॅलिडेशन (उत्तरांवरची डिजिटल सही तपासणं) हा वेगळा पर्याय आहे, त्याला हात लावू नका. ओळ काढल्यावर 'नेम्ड-चेककॉन्फ -झेड' चालवा म्हणजे झोनही तपासले जातील. मग 'सिस्टिमसीटीएल रिसेट-फेल्ड नेम्ड' आणि स्टार्ट.

त्या दुसऱ्या फाइलीचं नाव आठवलं तर सांगा. मला तिचीच जास्त काळजी वाटते.

संगणक_कक्ष · सकाळी ९:४४

नेम्ड उभा राहिला! तीनदा रिइन्स्टॉल करून जे झालं नाही ते एक ओळ काढून झालं. खूप खूप धन्यवाद.

पण झोन लोड होत नाहीये. आमच्या कुठल्याही नावाला डिग (नाव विचारून बघायचा प्रोग्राम) सर्व्हफेल, म्हणजे 'उत्तर देता आलं नाही', देतं. लॉगमध्ये 'लोडिंग फ्रॉम मास्टर फाइल /एसआरव्ही/झोन्स/... फेल्ड: परमिशन डिनाइड'. आणि चेककॉन्फ -झेड तर झोन व्यवस्थित लोड झाला म्हणतंय, सिरियलसकट (झोनच्या आवृत्तीच्या क्रमांकासकट). फाइल बाइंड याच वापरकर्त्याच्या नावावर आहे, वाचायची मुभा सगळ्यांना आहे. एकच फाइल, एक वाचतो, दुसरा वाचत नाही.

रात्रपाळी · सकाळी ९:५०

फोल्डरला चमोड ७७७ करून बघा.

संगणक_कक्ष · सकाळी ९:५७

केलं. काहीच फरक नाही.

जुनी_खुंटी · सकाळी १०:१५

७७७ लगेच परत घ्या. नेम सर्व्हरचं फोल्डर सगळ्यांना लिहायला उघडं ठेवायचं नसतं, आणि इथे त्याचा उपयोगही नाही, कारण अडवणारा वेगळा आहे.

'एक वाचतो, दुसरा वाचत नाही' हे तुम्ही लिहिलंत त्यातच उत्तर आहे. चेककॉन्फ हा वेगळा प्रोग्राम आहे, तुम्ही तो रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवता आणि त्याच्यावर कुणाचा पहारा नसतो. नेम्डवर ॲपआर्मरचा पहारा आहे. डेबियनमध्ये ॲपआर्मर आवृत्ती १० पासून, म्हणजे २०१९ पासून, मुळातच चालू असतं. नेम्डच्या प्रोफाइलमध्ये लिहिलेलं असतं की हा प्रोग्राम /ईटीसी/बाइंड फक्त वाचेल आणि /व्हार/लिब/बाइंड व /व्हार/कॅश/बाइंड वाचेल-लिहील. /एसआरव्ही/झोन्स त्यात नाही. मग फाइलीच्या परवानग्या कितीही उघड्या ठेवा, कर्नल मधेच अडवतो. 'जर्नलसीटीएल -के' मध्ये 'डिनाइड' शोधा, नेम्डचं नाव आणि फाइलीचा पूर्ण मार्ग दिसेल.

आता माझा अंदाज. जुन्या यंत्रावर तुम्ही किंवा तुमच्या आधीच्या कुणी तरी /ईटीसी/ॲपआर्मर.डी/यूएसआर.एसबिन.नेम्ड या फाइलीत /एसआरव्ही/झोन्सची ओळ हाताने घातली असणार. श्रेणीवाढीत डीपीकेजीने हिच्याबद्दलच विचारलं, तुम्ही 'नवीन टाक' म्हणालात आणि ती ओळ गेली. पण डीपीकेजी जुनी फाइल फेकत नाही. त्याच फोल्डरमध्ये शेवटी '.डीपीकेजी-ओल्ड' जोडलेली फाइल आहे का बघा.

निळा_पडदा · सकाळी १०:२२

फेडोरा किंवा त्या घराण्यातल्या वितरणावर हाच खेळ एसईलिनक्स करतं. तिथे झोन /व्हार/नेम्ड मध्ये असतात. फाइल घरच्या फोल्डरमधून एमव्ही करून (हलवून) आणली की जुनं लेबल घेऊनच येते, आणि 'रिस्टोरकॉन -आरव्ही' केल्यावर सुटतं. लक्षण तेच: परवानग्या बरोबर आणि तरीही परमिशन डिनाइड.

संगणक_कक्ष · सकाळी १०:५१

जुनी_खुंटी, अगदी तेच. .डीपीकेजी-ओल्ड सापडली, तिच्यात शेवटून तिसऱ्या ओळीत /एसआरव्ही/झोन्स. माझ्या आधी हे काम बघणाऱ्याने घातली असावी. मला ती असल्याचं माहीतच नव्हतं. दोन प्रश्न विचारले गेले आणि दोन्हींची उत्तरं मी नेमकी उलटी दिली.

आता ही ओळ परत कुठे घालू?

जुनी_खुंटी · सकाळी ११:०२

मुख्य प्रोफाइलमध्ये नको, नाहीतर पुढच्या श्रेणीवाढीला हेच पुन्हा होईल. शेजारी 'लोकल' नावाचं फोल्डर आहे, त्यात याच नावाची फाइल असते. मुख्य प्रोफाइल ती स्वतःहून आत ओढतं आणि पॅकेज तिच्यावर काही लादत नाही. तिच्यात '/एसआरव्ही/झोन्स/** आर,' असं लिहा. शेवटचा स्वल्पविराम विसरू नका, तो नसेल तर सगळं प्रोफाइलच वाचलं जात नाही. मग 'ॲपआर्मर_पार्सर -आर' ला मुख्य प्रोफाइलचा मार्ग देऊन चालवा आणि नेम्ड रीस्टार्ट करा.

तुमच्या झोनमध्ये डायनॅमिक अपडेट (नोंदी नेटवर्कवरून आपोआप बदलणं) चालू असेल तर नुसतं वाचून भागणार नाही. नेम्डला शेजारी जर्नलची फाइल लिहावी लागते. तसं असेल तर झोनच /व्हार/लिब/बाइंड मध्ये हलवा, ती जागा त्यासाठीच आहे.

संगणक_कक्ष · सकाळी ११:४०

डायनॅमिक अपडेट नाही, हातानेच लिहितो. ओळ घातली, झोन लोड झाला, आतली नावं मिळायला लागली.

पण अजून दोन गोष्टी अडल्यात. एक, बाहेरच्या जवळजवळ सगळ्या नावांना सर्व्हफेल. दोन, सेकंडरी या नव्या प्रायमरीकडून झोन घेत नाही. सेकंडरीच्या लॉगमध्ये टीएसआयजीबद्दल (दोन सर्व्हरमधल्या सामायिक किल्लीच्या सहीबद्दल) काहीतरी आणि कंसात 'बॅडटाइम' असं आहे. किल्ली दोन्हीकडे अक्षरन् अक्षर सारखी आहे, तीनदा ताडून पाहिली.

रात्रपाळी · सकाळी ११:४८

डीएनएससेक-व्हॅलिडेशन नो करा. बाहेरची नावं लगेच चालू होतील.

संगणक_कक्ष · सकाळी ११:५६

झाली! बाहेरचं सगळं चालू झालं. सेकंडरीचं मात्र तसंच आहे.

जुनी_खुंटी · दुपारी १२:१०

रात्रपाळी, निदानासाठी हे ठीक आहे, उपाय म्हणून नाही. व्हॅलिडेशन बंद केलं की तुमचा सर्व्हर सही न तपासता कुठलंही उत्तर खरं मानून पुढे देतो, आणि कक्षातली सगळी यंत्रं त्याच्यावर विसंबून असतात. निदानच करायचं तर सेटिंग न बदलता 'डिग +सीडी' वापरा. ते त्या एका प्रश्नापुरतं तपासणं वगळायला सांगतं. +सीडीने उत्तर येतं आणि त्याशिवाय सर्व्हफेल येतं, म्हणजे नेटवर्क ठीक आहे, सही पटत नाहीये. सही का पटत नाही ते शोधायला हवं. कृपया 'नो' काढून परत 'ऑटो' करा.

निळा_पडदा · दुपारी १२:१९

मी आत्ता धागा पहिल्यापासून परत वाचला. पहिली पोस्ट आज सकाळी ७:४० ची, १९ मेची आहे. त्यात चिकटवलेला लॉग १० मेचा आहे, ०६:४९ चा.

संगणक_कक्ष, त्या यंत्रावर 'डेट' चालवा.

संगणक_कक्ष · दुपारी १२:२४

१० मे, सकाळी ११:३४.

मला हे इतक्या वेळात कसं दिसलं नाही कळत नाही.

निळा_पडदा · दुपारी १२:४५

यंत्र चालू स्थितीत थांबवलंत तेव्हा त्याचं घड्याळही थांबलं. काल जागं केलंत तेव्हा ते ९ मेच्या रात्रीपासून पुढे चालू लागलं. आता तुमच्या तक्रारी एकेक करून जुळवा. 'रिलीज फाइल अजून वैध नाही' असं एपीटी म्हणत होतं ते खरंच होतं. त्या यंत्राच्या दृष्टीने ती फाइल भविष्यातली आहे. रिपॉझिटरी बिघडलेली नाही, पॅकेजही नाही. डीएनएससेकच्या प्रत्येक सहीवर 'या क्षणापासून या क्षणापर्यंत' असं लिहिलेलं असतं. नऊ दिवस मागे असलेल्या यंत्राला बहुतेक सह्या अजून सुरूच झालेल्या दिसत नाहीत. लॉगमध्ये 'व्हॅलिडिटी पीरियड हॅज नॉट बिगन' असं सापडेल. आणि टीएसआयजी तर फार कडक आहे. दोन्ही बाजूंच्या घड्याळांत साधारणपणे ३०० सेकंदांपर्यंतच फरक चालतो. किल्ली बरोबर असूनही बॅडटाइम येतो तो यामुळे.

वेळ आपोआप का सुधारली नाही? टाइमसिंकडीला (घड्याळ लावणाऱ्या सेवेला) वेळेचे सर्व्हर नावाने दिलेले असतात. नाव शोधायला तो तुमच्या रिझॉल्व्ह.कॉन्फमधल्या १२७.०.०.१ कडे, म्हणजे याच यंत्राकडे, जातो, आणि तिथला नेम्ड काल रात्री बंद होता, आज सकाळी सुरू झाला तर घड्याळ चुकल्यामुळे नाव देत नव्हता. वेळेला नाव हवं, नावाला वेळ हवी. व्हॅलिडेशन बंद केल्यावरही त्याने अजून पुन्हा प्रयत्न केला नसावा. एपीटी मग कसं पोहोचत होतं हा प्रश्न उरतो. मधे प्रॉक्सी आहे का?

संगणक_कक्ष · दुपारी १२:५२

हो, एपीटी प्रॉक्सीतून जातं. नावं प्रॉक्सीच शोधतो, माझ्या यंत्राला काही विचारावंच लागत नाही.

निळा_पडदा · दुपारी १:००

मग सगळं जुळलं. घड्याळ आत्ता हाताने लावा, 'डेट -एस' ने. आणि टाइमसिंकडीच्या सेटिंगमध्ये निदान एक वेळेचा सर्व्हर आयपीने द्या, म्हणजे पुन्हा असं झालं तर फेरा कुठेतरी तुटेल. नंतर नेम्ड रीस्टार्ट आणि व्हॅलिडेशन ऑटोवर.

संगणक_कक्ष · दुपारी १:२१

घड्याळ लावलं, ऑटो केलं, बाहेरची नावं व्हॅलिडेशनसकट चालू. डिगच्या उत्तरात एडी हा (सही पटल्याचा) झेंडाही दिसतोय. बॅडटाइम गेला. आता सेकंडरी वेगळंच म्हणतोय: 'सिरियल नंबर २०२४०५०८०१ रिसीव्ह्ड फ्रॉम प्रायमरी < अवर्स २०२४०५१६०२'. प्रायमरीवर सिरियल वाढवून २०२४०५१९०१ करू का? मग घेईल ना तो?

जुनी_खुंटी · दुपारी १:२५

थांबा, करू नका!

तो घेईल, हे खरं आहे. पण प्रायमरीवरची झोन फाइल ९ मेच्या प्रतीतली आहे. त्यानंतर १६ मेपर्यंत तुम्ही जुन्या यंत्रावर झोनमध्ये बदल केलेत. जुनी डिस्क गेल्यावर ते बदल आता एकट्या सेकंडरीकडे उरलेत. तुम्ही जुन्या फाइलीचा सिरियल वाढवलात तर सेकंडरी मुकाट्याने आपली ताजी प्रत पुसून शिळी घेईल, आणि मग त्या आठवड्याच्या नोंदी कुठेच सापडणार नाहीत.

आधी सेकंडरीवरची झोन फाइल उचला. ती उघडून पाहिलीत तर अगम्य दिसेल, कारण ९.९ पासून सेकंडरी झोन बायनरी स्वरूपात साठवतो. 'नेम्ड-कंपाइलझोन -एफ रॉ -एफ टेक्स्ट' ने (पहिला एफ लहान लिपीतला, दुसरा मोठ्या) ती मजकुरात आणा. प्रायमरीच्या फाइलीशी डिफ करून (फरक काढून) बघा, पटलं की तीच प्रायमरीवर ठेवा. तुमच्या जुन्या फाइलीतल्या टिपा त्यात नसतील, त्या नंतर सावकाश घाला. सिरियल त्यानंतर वाढवा, आणि मग 'आरएनडीसी रीलोड'.

वेळेची घाई समजते, पण उद्या आठपर्यंत सहज होईल हे.

संगणक_कक्ष · दुपारी २:४८

डिफमध्ये अकरा ओळी निघाल्या. चार नवीन यंत्रं, एक बदललेला छपाई सर्व्हर, बाकी त्यांच्या उलट नोंदी (पत्त्यावरून नाव) आणि टीटीएल (नोंद किती वेळ जपायची). १६ तारखेला मीच घातल्या होत्या आणि पार विसरून गेले होते. तुम्ही थांबवलं नसतं तर गेल्याच असत्या.

पोर्ट_५३ · दुपारी २:५५

उलट नोंदी त्याच झोनमध्ये कशा? त्यांचा इन-ॲडर-आर्पा झोन वेगळा असेल ना? त्याचाही सिरियल बघा, तोही ९ मेवरच अडकला असेल.

संगणक_कक्ष · दुपारी ३:१०

बरोबर, मी दोन्ही डिफ एकत्र मोजले. उलट झोन वेगळा आहे आणि तोही मागेच होता. त्यालाही तीच प्रक्रिया केली.

रात्रपाळी · दुपारी ३:३०

४८ तासांचं एक्स्पायर कमीच आहे. ते वाढवता येईल का?

जुनी_खुंटी · दुपारी ३:४१

वाढवायलाच हवं. आरएफसी १९१२ या इंटरनेटच्या मार्गदर्शक दस्तऐवजात दोन ते चार आठवडे सुचवले आहेत, ते १९९६ पासून तसंच आहे. १२०९६०० ठेवा, म्हणजे १४ दिवस. सिरियल वाढवताय त्याच वेळी बदला. सेकंडरीला हा आकडा नव्या एसओएबरोबरच मिळतो, त्यामुळे तो झोन पोहोचल्यावरच लागू होईल.

संगणक_कक्ष · दुपारी ४:०६

दोन्ही झोन गेले. दोन्ही सर्व्हरना आळीपाळीने एसओए विचारला: प्रायमरी २०२४०५१९०१, सेकंडरी २०२४०५१९०१, एक्स्पायर दोन्हीकडे १२०९६००. यंत्र पूर्ण बंद करून परत सुरू केलं, कारण उद्या सकाळी कुणीतरी वीज घालवली तर काय हे आजच बघायचं होतं. नेम्ड आपोआप उठला, घड्याळ बरोबर आहे, कर्नलच्या लॉगमध्ये एकही 'डिनाइड' नाही.

एपीटी अपडेटही चाललं. बाइंडच्या पॅकेजबद्दल त्याचं म्हणणं: आधीच अद्ययावत आहे. शीर्षकातलं 'सदोष' मला आता बदलता येत नाहीये, पण धागा सापडणाऱ्याने इथपर्यंत वाचावं.